मोकाट कुत्र्यांची खानेसुमारी

कामगार संघटनेच्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत कुत्र्यांवर बोलावे याचे काही मंडळींना नवल वाटले. एका स्नेह्याने तर विचारलेच, "काय हो, माणसांचे प्रश्न संपले वाटते?" संपलेले नाहीत. माणसांच्याच एका प्रश्नामागे चालता चालता आम्ही या विषयाच्या दाराशी येऊन पोचलो. ते कसे, हे आधी सांगितले म्हणजे पुढचे सांगणे सोपे जाईल.

आमचे पुष्कळसे आयुष्य सफाई कामगारांच्या संघटनेत गेले. सफाई कामगाराचा दिवस पहाटेस सुरू होतो. चौकीवर जाऊन हजेरी लावायची, झाडू आणि ढकलगाडी घ्यायची व नेमून दिलेल्या गल्लीत जायचे. त्या वेळी रस्त्यावर दोनच जमाती जाग्या असतात, एक झाडणाऱ्यांची आणि एक कुत्र्यांची. दोघांचाही डोळा एकाच वस्तूवर, रात्रीच्या कचऱ्यावर. एकाला तो उचलायचा असतो, दुसऱ्याला उकरायचा असतो. बहुतेक दिवस हा व्यवहार सलोख्याने पार पडतो. एखादे दिवशी पडत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका सभासदाला, कंत्राटी कामगाराला, कचऱ्याच्या ढिगातून निघालेले एक पिल्लू हाताला चावले. चावा कसला, दोन दातांच्या खुणा. घरी हळद-चुना लावला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन एक सुई घेतली. पुढच्या सुईला तो गेला नाही. कारण प्रत्येक सुई म्हणजे एक खाडा, खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली, आणि कंत्राटदाराकडे दोनचार खाडे झाले की त्या जागी दुसरा माणूस उभा. दोन महिन्यांनी त्याला पाणी गिळवेना. वारा लागला तरी अंग आकसू लागले. पिसाळ रोगाची लक्षणे एकदा अंगावर दिसू लागली की त्यावर उपाय नाही, ही गोष्ट आम्हांला त्याच्या खाटेशेजारी उभे असताना कळली.

नुकसानभरपाईसाठी आम्ही संबंधित कचेरीत गेलो. प्रश्न आला, कुत्रे पिसाळलेले होते कशावरून? आम्ही उलट विचारले, त्या भागात कुत्री किती, त्यांतल्या कितींना लस टोचली आहे, याचा काही हिशेब आपल्याकडे आहे काय? साहेबांनी छताकडे पाहिले आणि एक आकडा सांगितला. त्याच्यामागे चार शून्ये होती. गोल आकडा ऐकला की आमच्यासारख्या माणसाचे कान टवकारतात. कंत्राटदाराच्या हजेरीपटावर चाळीस माणसे म्हणजे चाळीसच लिहिलेली असतात, एकोणचाळीस कधी नसतात, आणि प्रत्यक्ष गल्लीत मोजली तर सत्तावीस भरतात. त्या दिवसापासून आम्ही या कुत्र्यांच्या हिशेबामागे लागलो. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत; बाकीचे रात्रशाळेत आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा जे येथे सांगतो आहोत ते पंडिताचे नव्हे, मोजणीची सवय लागलेल्या माणसाचे आहे.

कुत्र्यांचा विषय निघाला की सभेचे दोन तट पडतात. एक म्हणतो, सगळी मारा. दुसरा म्हणतो, मुक्या जनावरांना हात लावू नका. आम्ही दोन्ही तटांच्या सभांना जाऊन बसलो आहोत. दोन्हीकडे मोठमोठे आकडे फेकले जातात आणि दोन्हीकडे ते कोठून आले हे विचारणाऱ्याकडे फितुराकडे पाहावे तसे पाहतात.

खानेसुमारी हा आपल्याकडचा जुना शब्द. खाने म्हणजे घरे आणि सुमारी म्हणजे मोजणी. ज्याला घरच नाही त्याची खानेसुमारी व्हावी कशी, येथेच गाडे अडते. सरकारच्या २०१९ च्या पशुगणनेत साऱ्या देशात मोकाट कुत्री सुमारे १ कोटी ५३ लाख भरली. त्याआधीच्या, २०१२ च्या गणनेत ती १ कोटी ७१ लाख होती. महाराष्ट्राच्या वाट्याला २०१९ साली पावणेतेरा लाखांच्या आसपास आली. परंतु पशुगणनेचा माणूस घरोघर जाऊन म्हशी-शेळ्या विचारतो. म्हशीला धनी असतो, तो उत्तर देतो. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या वतीने उत्तर कोण देणार?

आणि कुत्र्यांचेच कशाला, माणसांच्या मरणाची मोजणीही फार बरी नव्हती. पिसाळ रोगाने आपल्या देशात दरसाल वीस हजार माणसे मरतात असे पुष्कळ वर्षे सांगितले जाई. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मंडळींनी ६० जिल्ह्यांत घरोघर फिरून पाहणी केली. ती २०२५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात हा अंदाज सालीना ५,७२६ असा निघाला. कमी झाला म्हणून सुस्कारा सोडण्याचे कारण नाही. दिवसाला पंधरा माणसे झाली. त्याच पाहणीत असे आढळले, की कुत्रे चावलेल्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्शाच्या लोकांनी लस घेतलीच नव्हती. त्यांत खाड्याला भ्यालेले किती, हे कोणी विचारले असते तर बरे झाले असते.

आता थोडे मागे जाऊ. कुत्री मारण्याचा इतिहास मुंबईपुरता तरी आमच्या धंद्याशी जोडलेला आहे, कारण या शहरातल्या अगदी आरंभीच्या हरताळांपैकी एक हरताळ कुत्र्यांवरून झाला. साल १८३२. कंपनी सरकारने उन्हाळ्यात ठरावीक मुदतीत मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढलेला होता आणि मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवले होते. त्या वर्षी ती मुदत वाढवली. बक्षिसाच्या लोभाने शिपाई लोकांच्या अंगणातली, ओट्यावरची कुत्रीसुद्धा ओढून नेऊ लागले. पारशी समाजात कुत्र्याला धर्माचे स्थान आहे. माणूस गेल्यावर त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पाडण्याचा विधी त्यांच्यात आहे. ६ जूनला, सणाच्या दिवशी, कोटात पारशी मंडळी शिपायांवर चालून गेली. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद, बाजार बंद. कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीकडे जाणारा शिधा अडला. हिंदू, जैन आणि मुसलमानांतलेही काही लोक या बंदात सामील होते. शेवटी लष्कर आले, धरपकड झाली, आणि पुढे शिक्षा झालेल्यांसाठी जमशेटजी जिजीभाईंसारख्या वजनदार शेटजींना रदबदली करावी लागली.

या प्रकरणाकडे धर्माच्या अंगाने पुष्कळांनी पाहिले आहे. आम्हांला त्यातले आठ आणे महत्त्वाचे वाटतात. नगावर मजुरी ठेवली की काम कसे होते हे गिरणीत आणि गोदीत ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. नगावर पैसे मिळणारा माणूस हाताशी असेल तो नग उचलतो. लांबचे, चपळ, चावरे, पिसाळलेले कुत्रे धरण्यात जोखीम फार आणि मोबदला तेवढाच. ओट्यावर झोपलेले, शेपूट हलवणारे कुत्रे धरणे सोपे. म्हणजे ज्यांची भीती नव्हती ती मेली आणि ज्यांची होती ती राहिली. हे आठ आणे ध्यानात ठेवावे. पुढे ते पुन्हा येणार आहेत.

मद्रासची गोष्ट याहून बोलकी आहे. तेथल्या नगरपालिकेने १८६० साली कुत्री मारण्यास आरंभ केला. त्या वेळी दिवसाला सरासरी एकही भरत नसे. १९९५ साली हा आकडा दिवसाला १३५ पर्यंत पोचला होता. म्हणजे सवाशेहून अधिक वर्षे एक खाते चालले, त्याचे काम कुत्री कमी करण्याचे होते, आणि त्याच्या स्वतःच्या दप्तरातच काम दरसाल वाढत गेलेले दिसते. ब्ल्यू क्रॉस या तेथल्या संस्थेचे चिन्नी कृष्ण यांनी नगरपालिकेचेच कागद पुढे ठेवून हे दाखवले. मुंबईतही १९८४ ते १९९४ या अवघ्या दहा वर्षांत सुमारे साडेचार लाख कुत्री मारली गेली. रस्ते काही मोकळे झाले नाहीत. १९९२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने निर्वाळा दिला, की नुसती कुत्री काढून टाकल्याने त्यांची संख्या किंवा रोगाचा प्रसार ठळकपणे घटल्याचा पुरावा कोठेही नाही.

असे का व्हावे? कारण उघड आहे. गल्लीत किती कुत्री राहतील हे गल्लीतल्या खाण्यावर ठरते. खाटकाच्या दुकानामागचे छाटण, खानावळीचे उष्टे, उघडा उकिरडा आणि दयाळू हात, ही त्यांची शिधावाटप पत्रिका. पश्चिम बंगालमध्ये कोलकात्याच्या एका विज्ञानसंस्थेच्या संशोधकांनी मोकाट कुत्र्यांच्या ९५ वेतांतल्या ३६४ पिल्लांवर नजर ठेवली. वयात येईपर्यंत शंभरातली एकोणीसच टिकली. बाकीची गाडीखाली, उपाशी, रोगाने किंवा माणसाच्या हातून गेली. आता त्या गल्लीतली दहा मोठी कुत्री एकदम काढली, तर शिधा तेवढाच राहतो आणि खाणारी तोंडे कमी होतात. मग जी पिल्ले मेली असती त्यांतली चार जगतात आणि शेजारच्या गल्लीतली सहा आत शिरतात. गिरणीच्या फाटकाबाहेर बदली कामगारांची रांग उभी असेतोवर कामावरून कमी केलेल्या माणसाची जागा रिकामी राहत नाही, तसाच हा प्रकार. शिवाय नवी आलेली कुत्री परकी, भांडणारी, आणि त्यांना कोणी लस टोचलेली नसते.

तेव्हा मारण्याचा मार्ग बाजूला ठेवला, तरी दुसरा कोणताही मार्ग धरायचा तर पहिला प्रश्न तोच राहतो : आहेत किती? येथून पुढे जरा सावकाश जाऊ, कारण हाच भाग लोकांना नीरस वाटतो आणि सगळी मेख येथेच आहे.

रस्त्याने एकदा चालत जाऊन दिसतील तेवढी कुत्री मोजली, तर ती खरी संख्या नव्हे. काही गाडीखाली झोपलेली, काही जिन्याखाली, काही बोळात, व्यालेली मादी तर दिसणारच नाही. दिसलेली किती हे कळते. न दिसलेली किती हे कसे कळावे? अदृश्य माणसे मोजण्याची ही अडचण आमच्यापुढे पूर्वी आलेली होती.

एका नाक्यावर रोजंदारीचे मजूर पहाटे उभे राहतात. आम्हांला तेथे संघटना बांधायची होती आणि एकूण मजूर किती ते पाहिजे होते. रोज सगळे येत नाहीत. कोणी आज येतो, कोणी उद्या. सोमवारी आम्ही समोर होते त्या ६० जणांना बिल्ले दिले. मंगळवारी गेलो तेव्हा नाक्यावर ९० जण होते आणि त्यांतल्या ३० जणांच्या छातीवर बिल्ला होता. म्हणजे मंगळवारच्या घोळक्यात तिघांमागे एक बिल्लेवाला. घोळका जर साऱ्या मजुरांचा नमुना असेल, तर साऱ्या मजुरांतही तिघांमागे एकच बिल्लेवाला असला पाहिजे. बिल्ले दिले होते ६०. तेव्हा मजूर १८०. पुढे वर्गणीची पावतीपुस्तके भरली तेव्हा हा अंदाज फार चुकला नव्हता.

आम्हांला वाटले होते, ही युक्ती आमचीच. मागाहून वाचनात आले की शंभराहून अधिक वर्षांपूर्वी डेन्मार्कच्या पीटरसन नावाच्या शास्त्रज्ञाने मासे मोजण्यासाठी आणि पुढे अमेरिकेत लिंकन यांनी रानबदके मोजण्यासाठी हीच रीत वापरली होती, आणि त्यांच्याही आधी लाप्लास या फ्रेंच गणित्याने आपल्या देशाची लोकसंख्या काढताना असाच हिशेब केला होता. गरिबाची अक्कल बहुधा अशीच उशिरा पोचते, असो.

कुत्र्यांना बिल्ले लावता येत नाहीत. त्यांच्या अंगावर लांबून रंगाचा ठिपका मारतात, किंवा हल्ली प्रत्येकाच्या खिशात फोन असतो त्यावर छायाचित्र काढून ठिपके, शेपूट, कान यांवरून ओळख ठेवतात. समजा, एका वॉर्डात पहिल्या पहाटे १२० कुत्री रंगवली. दुसऱ्या पहाटे त्याच रस्त्यांनी फिरताना १५० दिसली व त्यांतली ९० रंगवलेली होती. तर १२० ला १५० ने गुणून ९० ने भागावे, उत्तर २००. पहिल्याच दिवशी मोजून घरी आलो असतो तर १२० लिहिली असती आणि ८० कुत्री कागदावर जन्मलीच नसती.

पण या हिशेबाच्या अटी आहेत आणि त्या मोडल्या की उत्तर बिघडते. दोन फेऱ्यांमध्ये फार दिवस जाता कामा नयेत, नाहीतर काही मरतात, काही येतात. खूण टिकली पाहिजे. होळीच्या आठवड्यात हे काम काढू नये, कारण तेव्हा गल्लीतली पोरे आपल्या आधीच सगळी कुत्री रंगवून मोकळी झालेली असतात. आणि प्रत्येक कुत्रे दिसण्याची शक्यता सारखी असली पाहिजे. ही शेवटची अट सर्वांत कठीण. आमच्या नाक्यावर काही मजूर मुकादमाच्या भीतीने बिल्ला खिशात लपवीत. कुत्र्यांतही जाळीची गाडी एकदा पाहिलेले जनावर पुढच्या खेपेस माणूस थांबताच दिसेनासे होते. म्हणून पकडण्याच्या कामाला आणि मोजण्याच्या कामाला एकच गाडी, एकच माणसे वापरू नयेत.

सबंध शहर असे दोनदोनदा चालणे परवडत नाही. तेव्हा नमुन्याचे रस्ते निवडतात, दर किलोमीटरला किती कुत्री आढळली ते काढतात आणि शहरातल्या रस्त्यांच्या लांबीने गुणतात. यात लबाडीला वाव असतो तो रस्ते निवडण्यात. चांगले, रुंद, चहाच्या टपऱ्या असलेले रस्ते निवडले की मोजणाऱ्याचे पाय वाचतात. झोपडपट्टीतली दाटी वेगळी, बंगल्यांच्या वसाहतीतली वेगळी, बाजाराची वेगळी. प्रत्येकीचा नमुना निराळा घ्यावा लागतो, आणि रस्ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे लागतात. वेळ पहाटेची, कचरागाडी येण्याच्या आधीची. आणि दरसाल त्याच महिन्यात मोजणी करावी. जयपूरच्या अभ्यासकांना असे दिसले, की आपल्याकडच्या रस्त्यावरच्या माद्या मुख्यतः पावसाळा सरता सरता माजावर येतात आणि हिवाळ्यात पिल्ले होतात. एका वर्षी जूनमध्ये आणि पुढच्या वर्षी डिसेंबरात मोजले, तर फरक कुत्र्यांचा नसून पंचांगाचा असेल.

मोजताना नुसता आकडा लिहून भागत नाही. नर की मादी, मोठे की पिल्लू, मादी दूध पाजणारी आहे का, कातडी झडलेली आहे का, आणि कानाला खाच आहे का, हे लिहावे लागते. कानाची खाच म्हणजे शस्त्रक्रिया झाल्याची पावती. शंभर माद्यांत खाचेच्या किती, या एका आकड्यात सगळ्या खर्चाचा हिशेब येतो. त्याखालोखाल मोलाचा आकडा दूध पाजणाऱ्या माद्यांचा. तो जर तीन वर्षांत उतरला नाही, तर बिले कितीही निघालेली असोत, काम झालेले नाही.

मुंबईत २०१४ साली अशा रीतीने मोजणी झाली तेव्हा संख्या सुमारे ९५ हजार निघाली. २०२४ च्या मोजणीत ती ९० हजारांच्या थोडी वर आली. दहा वर्षांत पाच टक्के घट. कोणी हिला यश म्हणेल, कोणी अपयश. आम्ही एवढेच म्हणू, की निदान वाद घालायला दोन खरे आकडे झाले.

या आकड्यांवर एक साधा हिशेब करून पाहू. कुत्र्यांची संख्या उतरणीला लावायची तर सुमारे ७० टक्के जनावरांची शस्त्रक्रिया व्हावी असे धरतात. ९० हजारांचे ७० टक्के ६३ हजार. एका केंद्रात रोज २० शस्त्रक्रिया झाल्या आणि वर्षाचे ३०० दिवस काम चालले, तर ६ हजार होतील. ६३ हजारांना साडेदहा वर्षे लागतील. रस्त्यावरचे कुत्रे तेवढे जगत नाही. जयपूरला शस्त्रक्रिया झालेल्या माद्यांतही निम्म्या चार वर्षांच्या आत गेलेल्या आढळल्या. म्हणजे शेवटचे कुत्रे धरीपर्यंत पहिली बॅच केव्हाच संपलेली असते आणि त्यांच्या जागी बिनखाचेची उभी असतात. शहरभर थोडे थोडे काम पसरणे म्हणजे चाळणीने पाणी भरणे. एकच वॉर्ड घ्यावा, तेथे थोड्या महिन्यांत ७० टक्के गाठावे, मोजून खात्री करावी, आणि मग पुढच्या वॉर्डात जावे. जयपूरला १९९४ पासून अशा चिकाटीने काम झाले. तेथल्या कामाच्या टापूत ६५ टक्के माद्या आटोपल्यावर कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली, त्या टापूत पिसाळ रोगाचे माणसांचे बळी थांबले, आणि कुत्रे चावण्याचे प्रकारही उतरले. मादीला पिल्ले असली की ती चावते, नसली तर बहुधा चावत नाही.

आता ते आठ आणे. हल्ली पुष्कळ ठिकाणी हे काम कंत्राटाने देतात आणि दर शस्त्रक्रियेमागे ठरलेली रक्कम देतात. नग मोजण्यासाठी काढलेले अवयव बरणीत ठेवून गणतात. पुन्हा नगावर मजुरी! कंत्राटदाराला वॉर्ड पुरा करण्याशी कर्तव्य नसते. तो जेथे माणसाळलेली कुत्री मिळतील तेथे गाडी पाठवतो आणि बिथरलेली मादी बोळात सोडून देतो. बरणीतली संख्या पुरी होते, गल्लीतली होत नाही. आमचे म्हणणे असे, की पैसे वॉर्डाच्या पाहणीवर द्यावेत, आणि पाहणी कंत्राटदाराच्या माणसांनी करू नये.

लसीची गोष्ट निराळी, आणि ती बहुतेक लोक शस्त्रक्रियेशी घोटाळून टाकतात. शस्त्रक्रियेने संख्या उतरते, तीही हळूहळू. रोग थांबतो तो लसीने, आणि लस टोचायला जाळीत धरल्यावर मिनिटही लागत नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात सरकार आणि मिशन रेबीज यांनी मिळून दरसाल सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस टोचली. टोचलेल्याच्या अंगावर रंग लावीत आणि मागाहून दुसरी तुकडी फिरून रंगवलेली किती, कोरी किती ते मोजी. ७० टक्के न भरलेल्या भागात पुन्हा जाई. कुत्र्यांतला रोग ९२ टक्क्यांनी घटला, आणि २०१८ व २०१९ या वर्षांत तेथे या रोगाने एकही माणूस गेला नाही. तेथली कुत्री नाहीशी झालेली नव्हती, हे ध्यानात घ्यावे.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून पुढे १९६० साली प्राण्यांना निर्दयतेने वागवण्याविरुद्ध कायदा झाला. त्याखाली २००१ साली कुत्र्यांच्या जननप्रतिबंधाचे नियम आले व त्यांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली. धरावे, शस्त्रक्रिया करावी, लस टोचावी आणि जेथून आणले तेथेच सोडावे, असे त्यांचे सूत्र. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली व भोवतालची कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा हुकूम दिला; २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलून पिसाळलेली व आक्रमक सोडून बाकीची मूळ जागी सोडण्यास सांगितले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या हुकुमाने मात्र शाळा, इस्पितळे, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वे स्थानके येथली कुत्री उचलून परत तेथे न सोडण्याचे ठरवले. निवाऱ्याची कल्पना ऐकायला सोपी आहे. ९० हजार कुत्री ठेवायची आणि एका माणसाने पन्नासांचे खाणेपिणे व झाडलोट पाहायची असे धरले, तर १,८०० माणसे लागतील. साप्ताहिक सुटी आणि रजा धरल्या तर आणखी. ती माणसे कायम असतील की कंत्राटी, हे कोणत्याच अंदाजपत्रकात आम्हांला दिसले नाही.

कुत्री धरणाऱ्या माणसांबद्दल कोणीच बोलत नाही. एके ठिकाणी आम्ही अशा सहा जणांना भेटलो. जाळी, गाडी, हातमोजे, सगळे होते. कुत्र्यांसाठी लस होती. त्या सहांना आगाऊ टोचायची लस कोणी दिलेली नव्हती. "तुम्हांला चावले तर?" असे विचारताच एकाने पोटरी दाखवली. जुना व्रण होता. तो म्हणाला, "साहेब, आमची खाच ही."

चावल्यावर काय करावे, हे येथे बसलेल्या प्रत्येकाने घरी जाऊन सांगावे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, काही लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पूर्वीची पोटातली चौदा इंजेक्शने आता इतिहासजमा झाली. सरकारी दवाखान्यात चामडीत टोचतात ती लस चार फेऱ्यांत संपते : पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. जखमेतून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते, ते मागून घ्यावे. आणि ज्यांच्या हाताखाली माणसे कामाला आहेत त्यांनी हे चार दिवस भरपगारी द्यावेत. आमच्या संघटनेने ही मागणी पहिल्यांदा मांडली तेव्हा समोरच्या बाजूस हसू फुटले होते. आता दोन ठिकाणी ती करारात आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही तरुण कार्यकर्त्यांना घेऊन एका लहान वस्तीत दोन पहाटे मोजणी करून पाहिली. पहिल्या दिवशी १४ कुत्र्यांची छायाचित्रे घेतली. दुसऱ्या दिवशी १५ दिसली, त्यांतली ९ आदल्या दिवशीची. पोरांनी चौकीच्या ओट्यावर बसून गुणाकार-भागाकार केला, उत्तर २३ आले. तेथे झाडणाऱ्या एक मावशी चहा पीत उभ्या होत्या. बावीस वर्षे त्याच गल्लीत झाडू मारीत आलेल्या.

आम्ही विचारले, "मावशी, तुमच्या गल्लीत कुत्री किती हो?"

"चोवीस," त्या म्हणाल्या. "तुमची किती झाली, भाऊ?"

"तेवीस."

त्यांनी कप खाली ठेवला आणि आम्हांला दूधकेंद्राच्या मागे नेले. मोडक्या हातगाडीखाली पोत्यावर एक तांबडी मादी पडली होती, कानाला खाच नव्हती, आणि पोटाशी पाच पिल्ले लोंबत होती.

"ही धरली का?"

"नाही."

"मग लिहा," मावशी म्हणाल्या, आणि झाडू उचलून कामाला लागल्या.